अडीच फुटांचं पाऊल

आमचे भाऊजी जन्मभर सरळ रेषेत चालले. हे मी त्यांच्या स्वभावाबद्दल म्हणत नाही, स्वभावाने ते पुष्कळ वाकडे होते. मी त्यांच्या नोकरीबद्दल बोलतोय. जमीन मोजणाऱ्या खात्यात ते साखळीवाले होते. साहेब दुर्बिणीला डोळा लावून हात हलवणार आणि भाऊजी लोखंडी साखळीचं टोक धरून काट्यांतून, ओढ्यातून, लोकांच्या परसातून नाकासमोर चालत जाणार. एकदा रेषा एका घरातूनच जात होती. भाऊजी पुढच्या दाराने आत शिरले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. आत एक म्हातारी केस विंचरत बसली होती. तिने फक्त पाय बाजूला घेतले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान तीसदा ऐकली असेल आणि दर वेळी म्हातारी वेगळंच काहीतरी करत असायची. पण पाय मात्र ती दर वेळी बाजूला घ्यायची.

साखळी टाकता येणार नाही अशा जागी भाऊजी पावलांनी मोजायचे. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. नोकरीला लागले तेव्हा कचेरीच्या आवारात चुन्याच्या रेघा मारून सहा महिने त्यांना त्यावरून चालवलं होतं. मग ते पाऊल इतकं बसलं की लग्नानंतर माझी ताई त्यांच्या मागे अक्षरशः पळायची. पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. मला जवळ घेऊन म्हणाली, "धाकट्या, तुझे भाऊजी माणूस नाहीत रे, फूटपट्टी आहेत!" आज मला तीन नातवंडं आहेत, तरी ताईच्या तोंडी मी अजून धाकट्याच.

गेल्या वर्षी ताईच्या किडन्या थकल्या. डॉक्टर म्हणाले, महिन्याच्या आत डायलिसिस सुरू करा, आठवड्यातून तीनदा. ते यंत्र फक्त शहरात, आणि शहर बसने तीन तासांवर. ताईला गाडी लागते. गाडी सुरू व्हायच्या आधी, नुसत्या वासानेच लागते. आठवड्यातून सहा वेळा तिला गाडीत घालणं म्हणजे औषधाआधी आजारच वाढवणं. तेव्हा ठरलं की गाव सोडायचं आणि शहरात बिऱ्हाड करायचं.

ताई पलंगावर पडून सगळं ऐकत होती. मग उठून बसली आणि म्हणाली, "दवाखान्यात मी माझ्या पायांनी जाईन आणि माझ्या पायांनी येईन. शहरातल्या शहरातसुद्धा मला गाडी नको. आणि दुसरं असं, की नुसतं दवाखान्याचं तोंड बघत जगणार नाही मी. खिडकीतून काहीतरी बघण्यासारखं हवं. असं घर मिळालं तर येते. नाही मिळालं तर इथेच बरी आहे."

इथेच बरी म्हणजे काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. ताई धमक्या देणाऱ्यांतली नाही, बोलली की करते. लहानपणी एकदा "आता जेवत नाही" म्हणाली होती, तर आईला तिसऱ्या दिवशी हात जोडावे लागले होते.

भाऊजींनी कपाटावरून जुनी मोजपट्टी काढली. गोल चामडी डबीतली, शंभर फुटांची. गल्लीत ती टाकून त्यांनी तीन सकाळी ताईला चालवलं. पहिल्या दिवशी तिने पाचशे चाळीस फुटांवर भिंतीला हात टेकला, दुसऱ्या दिवशी पाचशे दहावर, तिसऱ्या दिवशी पाचशेवर.

"पाचशे धरायचे," भाऊजी म्हणाले. "तीन आकडे आले तर वाईटातला वाईट धरायचा. खात्याची रीत आहे."

"बायकोचा सात-बारा काढताय की काय?" ताई धापा टाकत म्हणाली.

तर दवाखान्याच्या दारापासून पाचशे फुटांत घर, किंवा मग वाटेत दर पाचशे फुटांवर टेकायला जागा. एवढं शोधायला आम्ही दोघं निघालो. भाऊजी शहात्तर वर्षांचे, मी अडुसष्ट. ताईजवळ तिची मुलगी राहिली. आमच्या हातात पाच दिवस होते.

आम्ही दवाखान्याजवळच एका लॉजवर उतरलो. खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टवर 'बंद' अशी पाटी. पाटीवरची धूळ पाहूनच कळलं की लिफ्टपेक्षा पाटीचं वय जास्त. पहिल्या सकाळी आम्ही खाली कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात गेलो. भाऊजी सवयीने मोजत होते. "नव्वद पावलं," बसता बसता म्हणाले. नंतर काय झालं ते कळायला हा आकडा लक्षात ठेवावा लागेल.

घरं दाखवायला एक एजंट ठरवला होता. माणूस गोड, पण त्याला एकच माप ठाऊक होतं. कुठलंही घर दवाखान्यापासून पाच मिनिटांवर. तळ्याकाठचं पाच मिनिटांवर, बाजारामागचं पाच मिनिटांवर, आणि नव्या उंच इमारतींतलं, जिथे पोचायला आम्हाला पाऊण तास लागला, तेही पाचच मिनिटांवर. त्याचं नावच आम्ही 'पाच मिनिटं' ठेवलं.

"कुणाची पाच मिनिटं?" भाऊजींनी शेवटी विचारलं. "घोड्याची का?"

"काका, तुम्ही फारच बारीक धरता."

"बारीकच धरायचे पैसे मिळायचे मला."

पहिल्याच दिवशी भाऊजींनी दवाखान्याच्या दारात मोजपट्टी उघडली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेऊन चालायला लागले. शंभर फूट झाले नाहीत तोच एक हार्डवेअरवाला दुकानातून धावत आला. "साहेब, रस्ता रुंद होतोय का?" त्याच्या मागून चष्म्यांच्या दुकानातला आला. मग समोरचा न्हावी आला, हातात वस्तरा आणि मागे अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक. बघता बघता वीसएक माणसं जमली. मी सांगतोय की आम्ही घर शोधतोय, पण ते कोण ऐकतंय! न्हावी म्हणाला, "घर शोधणारे दाराचं कुलूप बघतात, नळाला पाणी बघतात. रस्ता कोण मोजतं?" बोलणं खोटं नव्हतं. हार्डवेअरवाल्याने तर भाऊजींना खुर्ची दिली आणि हळूच म्हणाला, "फक्त समोरच्या बाजूने घ्या ना साहेब. समोरचं दुकान तसंही चालत नाही."

समोरचं दुकान न्हाव्याचं होतं. पुढची दहा मिनिटं आम्ही तिथून कसे सुटलो ते आमचं आम्हाला ठाऊक. मोजपट्टी पिशवीत गेली.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "पाऊल आहे ना."

आणि आम्ही पावलांवर आलो. ते मनात मोजायचे आणि थांबले की मला आकडा द्यायचे, मी त्याचे फूट करायचो. मी चार इयत्ता शिकलेला माणूस. आमच्या शाळेत मास्तर एक, खोली एक आणि वर्ग चार. पण मास्तरांनी छडी दाखवून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी अशी घोटून घेतली होती की झोपेत विचारा. बे अडीच पाच, चोक अडीच दहा. अडीचकी कशाला शिकायची, असं मी मास्तरांना विचारलं होतं तेव्हा माझा कान सोलवटून निघाला होता. उत्तर साठ वर्षांनी मिळालं.

पण खरं सांगू, त्या दिवसांत हसू कमीच येत होतं. सकाळी आठला निघायचं आणि दिवेलागणीला परत. बाजारामागचं घर तीनशे दहा पावलं, म्हणजे पावणेआठशे फूट, आणि मधे टेकायला नुसती एक पाण्याची टाकी, तीही गळकी. तळ्याकाठचं घर देखणं होतं, पाण्यावर बदकं होती, पण पावलं अकराशेच्या वर. दवाखान्यासमोरचं घर सत्तर पावलांवर, पण चौथा मजला आणि जिना असा की भाऊजींनी दुसऱ्या मजल्यावर थांबून कपाळ कठड्यावर टेकलं. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांनीही मग माझ्या पायाला आलेला फोड पाहिला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी ताईचा फोन यायचा. तिला घरांपेक्षा शहराचीच जास्त उत्सुकता. म्हणून रोज दुपारी आम्ही एखादी बघायची जागा बघून यायचो.

"आज काय बघितलंत?"

"वस्तुसंग्रहालय," भाऊजी म्हणाले.

"कसं आहे?"

"पायऱ्या बावन्न. कठडा डाव्या हाताला. बाक दोन, एक मोडका."

"अहो, आत काय होतं?"

भाऊजींनी फोन माझ्याकडे दिला. "आत काय होतं ते मेहुणे सांगतील. मी धड बाकावर बसलो होतो."

मी तिला देवमाशाच्या सांगाड्याबद्दल सांगितलं. त्याच्या बरगड्यांत आपलं अख्खं घर मावलं असतं म्हटलं.

"मग तोच घ्या भाड्याने," ताई म्हणाली. पण बोलता बोलता तिला दम लागला आणि फोन मुलीकडे गेला. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मामा, पायांची सूज वाढलीय. लवकर बघा."

भाऊजींनी विचारलं, "काय म्हणाली?"

"लवकर बघा म्हणाली."

त्यांनी बूट काढले, तळवे चोळले आणि आडवे झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी 'पाच मिनिटं'ने आम्हाला जुन्या छापखान्यांच्या गल्लीत नेलं. छापखाने कधीच बंद झालेले, भिंतींना अजून शाईचे डाग. तिथे एक शिलाईवाल्या बाई राहायच्या. पन्नाशीच्या, तोंडात टाचण्या, गळ्यात कापडी टेप. घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने द्यायच्या होत्या. तळमजला, उंबरासुद्धा बुटका. बाजूने लांब पडवी होती. खिडकी उघडली तर समोर अग्निशमन केंद्राचं मैदान. आठ-दहा जवान लाल गाडीवरची शिडी वर चढवत होते, एक जण टोकावर उभा राहून खाली हात हलवत होता, आणि खालचे त्याला काहीतरी चावट बोलत असावेत, कारण शिडी हसण्याने हलत होती. मी तिथेच ठरवलं. हेच घर! ताई या खिडकीतून उठणारच नाही.

भाऊजी खिडकीकडे न बघता मोजायला बाहेर पडले होते. मी बाईंशी बोलत थांबलो. म्हटलं, आमचे भाऊजीही मापाचेच. बाई हसल्या. "मापात सगळे फसवतात हो. गिऱ्हाईक पोट आत ओढतं, आणि ही टेपसुद्धा वर्षभरात ताणली जाते. दर वर्षी नवी घेते मी, नाहीतर सगळ्यांचे कपडे ढगळ होतील."

तेवढ्यात भाऊजी दवाखान्यापर्यंत जाऊन परत आले. कपाळावर घाम. बाईंचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं असावं. म्हणाले, "साखळीपण ताणली जाते. कड्या झिजतात. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही ती कचेरीतल्या दोन दगडांमधे टाकून तपासायचो. शंभर फुटांत बोटभर जरी वाढली तरी लोहाराकडे."

"आकडा?" मी विचारलं.

"दोनशे चाळीस."

माझी अडीचकी तोंडातच थिजली. सहाशे फूट. आणि त्या वाटेवर टेकायला काही म्हणजे काही नव्हतं, दोन्ही बाजूंनी केंद्राची सरळसोट भिंत.

"शंभर फुटांचाच प्रश्न आहे," मी म्हटलं.

"शंभर फूट कुणाला सांगताय, मेहुणे? ती भिंतीला हात लावून उभी राहील, आणि मी काय करू? मोजत उभा राहू?"

बाईंना नाही सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी भाऊजींनी एकदाच मागे वळून पाहिलं.

चौथा दिवस मी सांगत बसत नाही. सहा घरं, सहा नकार. दमलेल्या माणसाच्या डोळ्यांना सगळे जिने एकसारखे दिसतात. संध्याकाळी लॉजच्या दारातून चहाच्या दुकानापर्यंत जाताना मी माझ्याच पायांकडे बघत चाललो होतो. भाऊजी बाकावर बसले आणि म्हणाले, "एकशे आठ."

"काय एकशे आठ?"

"पावलं."

मी म्हटलं, "पहिल्या दिवशी नव्वद होती." सहज म्हटलं. मला वाटलं, मोजताना चुकले असतील. शहात्तर वर्षांचा माणूस, दिवसभर वणवण, चुकणारच.

भाऊजींनी कप खाली ठेवला. "मी मोजायला चुकत नाही."

"मग दुकान पुढे सरकलं का?"

त्यावर ते हसले नाहीत. उठले, लॉजच्या दारापर्यंत गेले, परत आले. ओठ हलत होते. बसले नाहीत. "चला," म्हणाले.

दवाखान्यामागे एका शाळेचं मैदान होतं. मुलं घरी गेली होती, रखवालदार फाटक लावायच्या तयारीत होता. मैदानावर पळायच्या शर्यतीसाठी पांढऱ्या रेघा मारलेल्या, सुरुवातीला शून्य आणि शेवटी शंभर मीटर असं ठळक रंगवलेलं. भाऊजी शून्यावर उभे राहिले. शर्टाची कॉलर नीट केली, नाकासमोर बघितलं, आणि निघाले. मी कडेने चाललो. रखवालदार म्हणाला, "आजोबांची शर्यत आहे का?" मी त्याला गप्प राहायची खूण केली.

शंभर मीटर म्हणजे तीनशे अठ्ठावीस फूट. अडीच फुटांची पावलं एकशे एकतीस व्हायला हवीत. भाऊजी शेवटच्या रेघेवर थांबले.

"एकशे चौसष्ट."

मी हिशेब केला. पुन्हा केला. अडीचकी चुकली नव्हती, अडीचच चुकलं होतं. वयाने आणि चार दिवसांच्या वणवणीने त्यांचं पाऊल दोन फुटांवर आलं होतं.

भाऊजी त्या रेघेवरच खाली बसले. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "साखळी दर महिन्याला तपासली. नोकरी संपून अठरा वर्षं झाली, आणि स्वतःला एकदाही नाही."

"वय होतं भाऊजी. माझंही—"

"तुमचं काय, तुम्ही कधी सरळ चाललातच नाही." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या थकलेल्या चेहऱ्यावर मला चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उजळताना दिसलं. "मेहुणे, दोनशे चाळीस दुणे किती?"

"चारशे ऐंशी."

रखवालदाराने आम्हाला हात धरून उठवलं. दोघांनाही.

दुसऱ्या दिवशी सहाला, दुकानं उघडायच्या आत, आम्ही शिलाईवाल्या बाईंच्या दारात उभे होतो. बाई दात घासत बाहेर आल्या. भाऊजी म्हणाले, "खोल्या आहेत का अजून?"

"काल एक जोडपं बघून गेलंय. दहा वाजता येतो म्हणालेत." मग आमच्या अवताराकडे बघून त्यांनी चूळ भरली. "पण नाही म्हणाला होतात ना तुम्ही?"

"माप चुकलं होतं."

"गिऱ्हाईकाचं की टेपचं?"

"टेपचं," भाऊजी म्हणाले, आणि पिशवीतून मोजपट्टी काढली.

या वेळी पाऊल नाही. रस्ता मोकळा होता. भाऊजी पुढे, आणि मागचं टोक धरायला बाईच आल्या, कारण पायाचा फोड मला वाकू देईना. त्यांनी टोक असं चिमटीत घट्ट धरलं की भाऊजी वळून म्हणाले, "खात्यात असतात तर बढती मिळाली असती." दर शंभर फुटांवर मी भिंतीवर खडूने खूण केली. भिंतीपलीकडे जवानांच्या कवायतीची शिट्टी वाजत होती. दवाखान्याच्या बाजूच्या दारात भाऊजी थांबले, वाकले, चष्मा वर केला.

"चारशे सत्त्याऐंशी."

तेरा फूट शिल्लक. भाऊजींनी तो आकडा पुन्हा तपासला, मग मला तपासायला लावला, मग बाईंनाही. खात्याची रीत, म्हणाले. दहा वाजता आलेलं जोडपं दारातूनच परत गेलं. त्यांचं वाईट वाटलं, पण ती दोघं तरणीताठी होती, त्यांना सगळं शहर पाच मिनिटांवर.

ताईला आणलं त्या तीन तासांबद्दल न बोललेलं बरं. पण पोचल्यावर ती खिडकीशी बसली ती बसलीच. शिडीवरच्या जवानाने सवयीप्रमाणे हात हलवला आणि ताईने गंभीरपणे परत हलवला. "ओळखीचा आहे का ग तुझ्या?" मी विचारलं. "आता झाला," म्हणाली.

पहिल्या दिवशी ती निघाली तेव्हा भाऊजी तिच्या शेजारी आणि मी दोन पावलं मागे. भिंत लांबच लांब. खडूच्या चौथ्या खुणेशी ती मंदावली, भाऊजींनी हात पुढे केला, तिने तो घेतला नाही. दाराशी पोचून तिने चौकट धरली, श्वास घेतला, आणि म्हणाली, "पन्नासएक वर्षं तुमच्या मागे पळाले. आज पहिल्यांदा बरोबरीने आले." भाऊजींनी नाक जोरात शिंकरलं.

मी अधूनमधून जातो त्यांच्याकडे. बाजूच्या पडवीत भाऊजींनी पन्नास फुटांवर दोन पितळी खिळे ठोकलेत. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी तिथे स्वतःला तपासतात. घर घेतलं तेव्हा पंचवीस पावलं होती. गेल्या वेळी मी होतो तेव्हा सव्वीस आली. त्यांनी मान हलवली, कुणाला दोष न देता, आणि आत येऊन ताईला म्हणाले, "ये, एकदा तुझंही बघू."

ताई खिडकीतून वळलीसुद्धा नाही. "मला नका मोजू. मी पोचते ना? तेवढं पुरे."